चार्ज घेतला, यादी मिळाली नाही: अमेरिकेतल्या एका शाळा जिल्ह्याच्या ई-रेट कारभाराचं प्रकरण

माझे वडील खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हेडमास्तर होते. बदली झाली की जुन्या गावी चार्ज द्यायचा, नव्या गावी घ्यायचा. डेडस्टॉक रजिस्टर मांडीवर, पेन्सिल कानावर आणि शिपाई एकेक वस्तू समोर आणून ठेवतोय. सतरंज्या सहा, पैकी एक फाटकी. तराजू एक. वजनं पाच, पैकी दोनशे ग्रॅमचं गहाळ. एका शाळेत पितळी घंटा होती, पण टोला नव्हता. वडिलांनी तसंच लिहून घेतलं, ‘घंटा एक, टोल्याविना’, आणि मगच सही केली. आम्ही भावंडं या प्रकाराला बरीच वर्षं हसत होतो.

सप्टेंबर 2024 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळा जिल्ह्याच्या तंत्रज्ञान निधीचा चार्ज माझ्याकडे आला, तेव्हा रजिस्टर नव्हतंच. आमचे जुने डायरेक्टर सतरा वर्षं हे काम एकहाती सांभाळून निवृत्त झाले आणि फ्लोरिडाला गेले. मी त्यांच्या हाताखाली नेटवर्क बघायचो, निधीच्या कागदांशी संबंध शून्य. त्यांच्या टेबलावर मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एवढंच: 28 ऑक्टोबर, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथला शाळा जिल्हा म्हणजे आपल्यासारखा सातारा-सांगली जिल्हा नव्हे. एका गावाच्या किंवा दोन-तीन गावांच्या मिळून पाच-सहा शाळा, त्यांचं निवडून आलेलं बोर्ड, वर एक सुपरिंटेंडंट आणि तिजोरी सांभाळणारा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर. न्यू जर्सीत असे जिल्हे पाचशेच्या वर आहेत. आमच्याकडे सहा शाळा, 3,140 मुलं.

आणि ई-रेट म्हणजे काय, तर 1996 च्या दूरसंचार कायद्यातून निघालेली योजना. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या इंटरनेटच्या, वाय-फायच्या खर्चातला 20 ते 90 टक्के भाग केंद्राच्या एका निधीतून भरला जातो. हा निधी सरकारी अंदाजपत्रकातून येत नाही. फोन कंपन्यांकडून वर्गणी घेतात आणि कंपन्या ती ग्राहकाच्या बिलात एक ओळ वाढवून वसूल करतात. भारतात दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला 5 टक्के हिस्सा घेऊन खेड्यापाड्यांत भारतनेट नेलं, त्याच जातीचा प्रकार. सुरुवातीला ई-रेटची वार्षिक मर्यादा 2.25 अब्ज डॉलर होती, 2014 मध्ये ती 3.9 अब्ज केली, आता महागाईप्रमाणे वाढत ती पाच अब्जांच्या वर गेली आहे. धोरण एफसीसी ही दूरसंचारावर देखरेख करणारी केंद्राची संस्था ठरवते, रोजचा कारभार युसॅक नावाची संस्था बघते. कागद मागते तीही युसॅकच.

पहिल्याच दिवशी मी युसॅकच्या पोर्टलवर गेलो. आत जायला जिल्ह्याचा ‘अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर’ लागतो. तो एकच, आणि तो फ्लोरिडात. लॉगिनचा कोड त्यांच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जाणार. ते ईमेल उघडणं माझ्या हातात होतं, दोन क्लिकचं काम. आयटीवाल्याला असा मोह रोज होतो. पण या पोर्टलवर प्रत्येक फॉर्मच्या शेवटी ‘मी शपथेवर सांगतो’ अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि तो निवृत्त माणसाच्या नावाने दाबणं म्हणजे सरळ खोटी सही. आमच्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तू ते ईमेल उघडलंस तर मला सांगू नकोस, मला सांगणार असशील तर उघडू नकोस.” मी उघडलं नाही. युसॅकच्या मदतकेंद्राला फोन केला, सुपरिंटेंडंटच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र पाठवलं आणि थांबलो. यात नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत मी डायरेक्टरांना फोन लावत होतो. माणूस सज्जन. सगळं तोंडपाठ. कुठल्या वर्षी कुठला फॉर्म, कुठल्या कंपनीने काय घोळ घातला, सगळं सांगायचे. फक्त ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पिवळ्या चिठ्ठीचा अर्थही त्यांनीच सांगितला.

आम्ही इंटरनेटचं बिल महिन्याला 2,850 डॉलर पूर्ण भरत होतो आणि वर्षअखेर निधीतून परतावा मागत होतो. परताव्याचा हा अर्ज म्हणजे फॉर्म 472. ई-रेटचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. नियमित सेवांचा परतावा सेवेच्या शेवटच्या दिवसापासून 120 दिवसांत मागायचा. 30 जून 2024 पासून 120 दिवस मोजले की 28 ऑक्टोबर येतो. आमची सवलत 60 टक्के, म्हणजे वर्षाच्या 34,200 डॉलरांपैकी 20,520 डॉलर त्या एका तारखेवर टांगलेले. मुदत संपण्याआधी मागितली तर एकदाच 120 दिवसांची वाढ मिळते. मुदत उलटून गेल्यावर मागायला गेलात तर दार बंद.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 29 ऑक्टोबरला, आणखी एक मुदत होती, ती चिठ्ठीवर नव्हती. चालू वर्षाची सेवा सुरू झाली आणि मुलांना अश्लील मजकुरापासून वाचवणारा फिल्टर लावला आहे, हे सांगणारा फॉर्म 486. सेवा 1 जुलैला सुरू झालेली असेल तर त्याचेही 120 दिवस. आणि या दोन्हींच्या आधी, 30 सप्टेंबर. ही तारीख तर डायरेक्टरांच्याही लक्षात नव्हती.

ती मला कळली स्टोअररूममध्ये. मिडल स्कूलच्या तळघरात, नाटकाच्या पडद्यांमागे, वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे छताला-भिंतीला लावायच्या सिग्नलच्या डब्यांची, 38 खोकी रचलेली. 2023 च्या निधीतून 96 घेतले होते, 58 बसवले, उरलेले उन्हाळ्यात बसवायचे राहून गेले. एकदाच होणाऱ्या अशा कामांना वर्ष संपल्यावर आणखी तीन महिने मिळतात, म्हणजे 30 सप्टेंबर 2024 पर्यंत. मी खोकी पाहिली ती 12 तारखेला. कंपनीला फोन केला तर त्यांची माणसं दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेली. मग दोन शनिवार-रविवार आणि सात संध्याकाळी, मुलं गेल्यावर, शिडी घेऊन. जिमच्या छताला तर लिफ्ट भाड्याने आणावी लागली आणि ती लाकडी फ्लोअरवर न्यायची नाही म्हणून जिमच्या सरांनी तासभर भांडण केलं. त्यांचं बरोबरच होतं. प्लायवुड आधी अंथरायला हवं होतं. 28 तारखेला रात्री शेवटचा बसला. प्रत्येकाचा फोटो, खोली क्रमांक, सीरियल नंबर आणि तारीख मी शीटमध्ये लिहून ठेवली. खरं तर तिथूनच वडिलांचं डेडस्टॉक रजिस्टर डोक्यात फिरायला लागलं.

पोर्टल उघडलं 18 सप्टेंबरला. पहिलं काम केलं ते दुसरा माणूस आत घेण्याचं. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर बाईंना पूर्ण अधिकार दिले, त्यांच्या सहायकाला बघण्यापुरते. मग परताव्याकडे वळलो तर नवा खोळंबा: निधीचे पैसे ज्या खात्यात येतात त्याची माहिती फॉर्म 498 वर असते, आणि जिल्ह्याने दीड वर्षापूर्वी बँक बदलली होती. ती माहिती बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही, तो वित्त विभागाच्या ठरलेल्या माणसाकडे. बँकेचं पत्र आणा, ते चढवा, मंजुरीची वाट बघा. परताव्याचा अर्ज शेवटी 22 ऑक्टोबरला गेला. सहा दिवस हातात होते. त्या सहा दिवसांचा मला अभिमान वगैरे काही नाही, नशीब म्हणा.

इथपर्यंतचा भाग म्हणजे आग विझवणं. खरा पेच पुढे होता, आणि तो आला जेवणाच्या डब्यातून.

ई-रेटची सवलत जिल्ह्याच्या गरिबीवर ठरते आणि गरिबी मोजतात ती शाळेच्या जेवणावरून. केंद्राच्या नियमाप्रमाणे किती मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, त्या टक्केवारीचे टप्पे आहेत. शहरी भागात 20 ते 34 टक्के असतील तर 50 टक्के सवलत, 35 ते 49 असतील तर 60. आपल्याकडे पोषण आहाराच्या हजेरीवरून शाळेच्या इंटरनेटचे पैसे ठरवावेत, तसं. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रत्येक शाळेकडे तयार असलेला गरिबीचा दुसरा आकडाच नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॅफेटेरियाच्या व्यवस्थापक बाईंनी मला आकडा दिला: 1,190 मुलं. म्हणजे जवळपास 38 टक्के, निवांत. दोन दिवसांनी मला सहज शंका आली. न्यू जर्सीने स्वतःच्या पैशातून मोफत जेवणाची मर्यादा वाढवली आहे; त्या सप्टेंबरपासून दारिद्र्यरेषेच्या 224 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली मुलंही मोफत जेवतात. केंद्राची मर्यादा मात्र 185 टक्के, आणि ई-रेट केंद्राचीच धरते. राज्याच्या कृपेने आलेली मुलं वजा केली तर उरली 1,066. म्हणजे 33.9 टक्के. टप्पा खाली घसरला.

पैशांत सांगायचं तर, पाच वर्षांच्या चक्रात शाळेच्या आतल्या वायरिंग आणि वाय-फायसाठी दर मुलामागे 167 डॉलर अशी मर्यादा होती. 2021 ते 2025 हे ते चक्र, आणि आम्ही त्याच्या शेवटच्या वर्षाचा अर्ज करणार होतो. आमच्या वाट्यातले 1,18,000 डॉलर शिल्लक होते. वापरले नाहीत तर गेले. साठ टक्क्यांनी निधीतून 70,800 मिळणार, पन्नासने 59,000. इंटरनेटच्या बिलावरचा फरक वेगळा.

1,190 चा आकडा तसाच पुढे सरकवला असता तर कुणाला कळलं असतं? बहुधा त्या वर्षी नाही. पण कागद दहा वर्षं ठेवायचे असतात आणि दहा वर्षांत कुणीतरी विचारतंच.

कमी पडत होती 33 मुलं. जुन्या वर्षांचे आकडे काढले तेव्हा गंमत कळली. कोविडच्या काळात केंद्राने सगळ्यांनाच मोफत जेवण दिलं, ते जून 2022 मध्ये बंद झालं. दोन वर्षं अर्ज भरायची गरजच नव्हती, आणि अनेक घरांची ती सवय मोडली ती मोडलीच. मुलं गरीब होती, फक्त कागदावर नव्हती. शाळेच्या नर्स, समुपदेशक आणि कॅफेटेरियाच्या बाई, तिघींनी मिळून घरोघर फोन केले. अर्ज स्पॅनिशमध्ये, गुजरातीतही होता. एका आजीला गुजराती अर्जावर मीच मदत केली, माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत. अर्जावर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागतात. तिथेच त्यांचा हात थांबला. क्रमांक नसेल तर बाजूच्या चौकोनात खूण करायची, अर्ज तरीही चालतो, हे मी दाखवलं. त्या बराच वेळ चौकोनाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पछी कोई पूछशे?” मी म्हटलं, शाळा विचारणार नाही. त्याहून जास्त वचन मी देऊ शकत नव्हतो.

या काळात सुपरिंटेंडंट एकदा चेष्टेत म्हणाले, “आणखी गरिबी शोध.” मी म्हटलं, शोधतोय ती आहे तीच. पात्र नसलेल्या एकाही घराला अर्ज भरायला सांगायचं नाही, हे आम्ही लेखी ठरवलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी आकडा 1,108 वर आला. 35.3 टक्के. मी केंद्राची आणि राज्याची यादी वेगवेगळ्या रंगात छापून फाइलला लावली.

निविदांचं काम त्यामानाने सोपं. फॉर्म 470 जाहीर करायचा, किमान 28 दिवस थांबायचं, आलेल्या सगळ्या बोलींची तुलना करायची आणि तुलनेत किमतीला सर्वांत जास्त गुण द्यायचे. त्याच काळात, नाताळच्या आधी, सध्याच्या इंटरनेट कंपनीकडून भलीमोठी टोपली आली: चीज, चॉकलेट, नाशपाती. दरवर्षी यायची म्हणे, स्टाफरूममध्ये फस्त व्हायची. नियम असा की पुरवठादाराकडून एका वेळी 20 डॉलरच्या वरची भेट नाही आणि वर्षभरात एकूण 50 च्या वर नाही. बोली चालू असताना तर नकोच. आपल्याकडे दिवाळीच्या मिठाईवर कुणी असा हिशेब लावला तर लोक वेड्यात काढतील. मी टोपली परत पाठवली. रिसेप्शनच्या बाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

एवढा संशय कशासाठी, असं बोर्डाच्या एका सभासदाने विचारलं. त्याला मी सॅन फ्रान्सिस्को सांगितलं. 2000 मध्ये आर्लीन ॲकरमन तिथल्या सुपरिंटेंडंट झाल्या. त्यांनी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या मंडळींनी ई-रेटचा अर्ज करून ठेवला होता. अंदाजे पाच कोटी डॉलर येणार होते. हिशेब जुळत नाही, किमती फुगवलेल्या आहेत, हे दिसल्यावर त्यांनी ते पैसे नाकारले आणि प्रकरण वकिलांकडे नेलं. 2004 मध्ये एनईसी या जपानी कंपनीच्या एका उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि 2 कोटी 6 लाख डॉलर भरायचं मान्य केलं. नव्याने आलेल्या बाईने आयते पाच कोटी नाकारायचे म्हणजे गावात काय बोललं गेलं असेल, याचा विचार माझ्या मनात फार वेळा आला.

2025 च्या अर्जाची खिडकी 15 जानेवारी ते 26 मार्च अशी होती. आम्ही फेब्रुवारीत अर्ज दिला. तेव्हा टांगती तलवार वेगळीच होती. न्यू ऑर्लीन्सच्या अपील कोर्टाने जुलै 2024 मध्ये निधीची वर्गणी गोळा करण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली होती आणि सुप्रीम कोर्टात ते चालू होतं. बोर्ड विचारायचं, पैसे येणार का? मी म्हणायचो, अर्ज तर देऊ. 27 जून 2025 ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी निधी कायम ठेवला.

आणि त्याच उन्हाळ्यात तपासणीचं पत्र आलं. चालू अर्जाचं नव्हे, आधी मिळालेल्या पैशांचं. बिलं, पैसे भरल्याचा पुरावा, करार आणि निविदेच्या तुलनेचा तक्ता द्या. पहिली तिन्ही कागदपत्रं एका दुपारी निघाली. तक्ता निघेना. तीन वर्षांपूर्वीची बोली, डायरेक्टरांनी केलेली. फोन केला, म्हणाले, केला होता, नक्की केला होता, पिवळ्या पॅडवर. दोन दिवस कपाटं उपसली. शेवटी प्रिंटरच्या मॅन्युअलच्या फाइलमध्ये ते पान सापडलं. तीन कंपन्यांची नावं, त्यांच्या किमती, पुढे गुण, खाली बेरीज. तारीख नाही, सही नाही, आणि कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ.

गुण बरोबर होते. किमतीला सर्वांत जास्त, आणि जिंकलेली कंपनी खरंच सर्वांत स्वस्त. मग ऑफिसमध्ये कुणीतरी सुचवलंच: हेच आकडे नीट तक्त्यात टाइप कर, त्या वेळची तारीख घाल. आकडे तर खरेच आहेत ना. सुचवणारा माणूस वाईट नव्हता, मला वाचवायलाच बघत होता. मी पान जसं होतं तसं स्कॅन केलं, कॉफीच्या डागासकट. सोबत आजच्या तारखेची, माझ्या सहीची अर्ध्या पानाची नोंद: हे पान अमुक दिवशी, अमुक फाइलमध्ये सापडलं, यावर तारीख व सही नाही, लिहिणाऱ्याने ते आपलंच असल्याचं फोनवर सांगितलं. टोल्याविना घंटा, दुसरं काय. डायरेक्टरांनीही आपल्याकडून एक निवेदन सही करून पाठवलं. युसॅककडून आणखी दोन प्रश्न आले, उत्तरं दिली. ऑगस्टअखेर प्रकरण बंद झालं, वसुली नाही.

आता 2026 पासून नवं पाच वर्षांचं चक्र आहे, दर मुलामागे 201.57 डॉलर. त्याच्या तयारीत मी सगळ्या उपकरणांची मोजदाद केली, कारण निधीतून घेतलेली वस्तू पाच वर्षं मोडीत काढता येत नाही आणि कुठे आहे ते सांगता यायला हवं. शीटमध्ये 96 ॲक्सेस पॉइंट. भिंती आणि छतं मिळून हाताला लागले 95. सप्टेंबर 2024 मध्ये मी बसवलेले 38 होतेच, कमी होता तो जुन्या 58 पैकी एक. वडिलांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर म्हणाले, “95 लिही. पुढे एक गहाळ असं लिही. आणि सही करायच्या आधी परत एकदा बघ.”

परत बघितलं. नेटवर्कवर तो दिसत होता, म्हणजे कुठेतरी चालू होता. नाव नुसतं ‘टेस्ट’. स्विचच्या कुठल्या पोर्टला आहे ते काढलं, वायर धरत गेलो आणि हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये रंगमंचाच्या वर पोचलो. फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली. धुळीने माखलेला, उलटा पडलेला, निळा दिवा लुकलुकत. मी त्याच्या पाठीवरचा सीरियल नंबर पुसून वाचला आणि शीटमध्ये 96 व्या ओळीत खोली क्रमांकाच्या जागी लिहिलं: रंगमंचावर, छतात, उलटा.